रोमहून पायी आलेले शब्द

लग्नाची पत्रिका हातात पडली की आपण आधी तारीख बघतो, मग जेवण कुठं आहे ते बघतो. वाघमोडे सर पत्रिका उलटी करून बघायचे. मागची बाजू कोरी निघाली की खूश. "शिंदे, या लग्नाला जायलाच पायजे," ते मला म्हणत. "कागद लई चांगला हाय." दोन्ही बाजूंनी छापलेली पत्रिका आली, तर त्या घराविषयी त्यांचं मत कायमचं वाईट.

केजच्या आमच्या ज्युनियर कॉलेजात सर इंग्रजी शिकवायचे, मी मराठी. स्टाफरूममध्ये आमची टेबलं एकमेकांना चिकटलेली. त्यामुळे त्या कोऱ्या बाजूंवर काय चालतं ते पहिल्यांदा मलाच कळलं. एका पत्रिकेवर एक शब्द, त्याखाली तो कुठून निघाला आणि कसा कसा बदलत आला त्याची हकीकत. सर भाषा बनवत होते.

तेर आमच्याकडून फार लांब नाही. जुन्या काळी त्याचं नाव तगर, आणि रोमशी त्याचा व्यापार चालायचा, हे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. सरांनी त्यात एकच गोष्ट पदरची घातली. समजा, त्या रोमन व्यापाऱ्यांपैकी काही जण परत गेलेच नाहीत. इथंच लग्नं केली, मेंढरं पाळली, ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या. तर आज त्यांची पोरंबाळं काय बोलत असती?

"फ्रेंच, स्पॅनिश या लॅटिनच्या लेकी," सर सांगायचे. "त्यातली एक लेक मांजरा नदीच्या काठाला दिली असती तर? इकडं येऊन ती इकडचीच झाली असती का न्हाई?"

या न झालेल्या लेकीचं नाव तगरेस. संभाजीनगरला बी.एड. करताना सरांना रद्दीच्या दुकानात लॅटिनचं एक व्याकरण मिळालं होतं, कव्हर नसलेलं. तिथून हे खूळ सुरू झालं. पुढं मोबाईल आल्यावर अशाच भाषा बनवणारे जगभरचे लोक त्यांना सापडले. कॉलेजच्या वायफायवर सर ब्राझीलच्या कुण्या बाईशी एका स्वरावरून भांडत असायचे.

काम करायची पद्धत मात्र अगदी कडक. शब्द रोमहून निघाला की त्याला तीन नाके लागत. पहिल्या नाक्यावर दोन स्वरांमधल्या 'न'चा 'ण' आणि 'ल'चा 'ळ'. दुसऱ्या नाक्यावर जोडाक्षर विरघळून एकच अक्षर उरायचं. तिसऱ्या नाक्यावर शेपूट गळायचं. लॅटिनमध्ये रात्र म्हणजे 'नोक्तेम', ती नाके ओलांडून झाली 'नोत'. सूर्य 'सोलेम', त्याचा 'सोळ'. कोकरू 'आग्नुम', त्याचं 'आन'. "मराठीनं संस्कृतचं जे केलं तेच मी लॅटिनचं केलं," ते म्हणत. "कर्णाचा कान झाला ना? मग! आपल्याकडचे नाके जुनेच हायत, मी फक्त त्याच्यावर बसलोय." नाका चुकवून आलेला शब्द कितीही देखणा असो, सर त्याला परत पाठवत. रोमहून पायी चालत आलेला शब्दच त्यांना चालायचा.

दुधावरून त्यांची फार थट्टा झाली. लॅटिनमधलं दूध 'लाक्तेम', नाक्यांवरून येता येता त्याची झाली 'लात'. बसस्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही चहाला जायचो. तिथला मालक सरांना बघितलं की ओरडायचा, "सरांना एक कट, लात जास्त!" मी म्हणालो, "सर, एवढा एक शब्द बदला की. कुणाला कळणार आहे?"

"कावून बदलू? नियमानं आलाय."

"मग चहाला काय म्हणता?"

"चहाच. रोमनांनी चहा बघितलाच न्हवता. मिरची पण न्हाई. ते शब्द त्यांच्या पोराबाळांनी पुढं आपल्याकडूनच घेतले." आणि बशीत चहा ओतत, "बिचारे. बिनमिरचीचं खात व्हते," असं खरोखरीच्या शेजाऱ्यांबद्दल बोलावं तसं बोलायचे.

पगार लांबला की स्टाफरूममध्ये धुसफूस व्हायची. अशा दिवशी सर उठून उभे राहत. "मंडळी, पगार हा शब्द पोर्तुगीजांनी आपल्याला दिला. त्यांना तो लॅटिनकडून आला. मूळ अर्थ, शांत करणे." मग सगळ्यांकडं बघून, "संस्थेनं आपल्याला शांत केलेलं न्हाई, एवढंच माझं म्हणणं हाय." हे ते संस्थाचालकांच्या पुतण्यासमोरही म्हणाले होते.

पण एक गोष्ट ते कधीच चुकवत नसत. तगरेसचा एखादा शब्द कुणाला सांगायचा, तर आधी हे वाक्य यायचं: "ही भाषा कुणी बोलत न्हाई. मी बनवलीय." वर्गात, हॉटेलात, ब्राझीलच्या बाईला, सगळ्यांना. एकदा मी विचारलं, इतकं घोकायची काय गरज?

"आमच्या आज्याला लोकं म्हणायचे, धनगराला लबाडी जमत न्हाई म्हणून तो मेंढरं राखतो. शिवी व्हती ती. मला ती आवडते."

बारावीच्या पोरांनी एकदा विचारलं, सर, प्रेमाला काय म्हणायचं? सरांनी सांगितलं, 'आमोर'. आठवड्याभरात एस.टी. स्टँडच्या मुतारीच्या भिंतीवर कोळशानं ठळक अक्षरांत उमटलं, 'आमोर', खाली बदाम आणि बाण. प्राचार्यांनी सरांना बोलावून झापलं. बाहेर आल्यावर सर मला म्हणाले, "चला, बघून येऊ." आम्ही गेलो. सरांनी चष्मा पुसला, नाकाला रुमाल लावला आणि बराच वेळ ते अक्षर न् अक्षर बघत राहिले.

"शिंदे," ते म्हणाले, "तगरेसमधला पयला शिलालेख."

मग खाली पडलेला कोळसा उचलून त्यांनी बदामाखाली बारीक अक्षरांत लिहिलं, 'ही भाषा बनवलेली आहे.' लिहिणारी पोरं त्यांनी हुडकून काढली आणि त्यांना भजी खाऊ घातली.

आता माझ्याकडं येतो. आलंच पाहिजे.

मी जिल्ह्याच्या एका दैनिकाला अधूनमधून बातम्या पाठवायचो. नाव छापत नसत, 'आमच्या वार्ताहराकडून' एवढंच. माझे दोन कवितासंग्रहही होते. ते मी लोकांना वाटले, लोकांनी ते घरात ठेवले. मराठीचा मास्तर मी, आणि शब्दांवर जीव टाकावा तर या इंग्रजीच्या मास्तरानं, हे माझ्या आत कुठंतरी खुपत होतं. त्यांच्या भाषेवर मी एक बातमी लिहिली ती थट्टा म्हणून, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. थट्टा होतीच. पण थट्टेला मी नेमकं त्यांनाच निवडलं.

बातमी अशी: केजजवळच्या वाघमोडे वस्तीवर एका मेंढपाळ कुटुंबात रोमन काळापासूनचे शब्द पिढ्यान्पिढ्या जपलेले आढळले. खाली नोत, सोळ, ओव, आन. 'ओव' म्हणजे मेंढी. मला वाटलं, दुपारपर्यंत कुणीतरी हसेल आणि विषय संपेल. कुणी हसलं नाही.

सरांनी ते उभ्यानंच वाचलं. मग बसले.

"शिंदे, हे तुमी लिवलं."

"थट्टा केली हो, सर."

"थट्टा हाय हे लिवायचं राहिलं." पेपर घडी करून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. "उद्या दुरुस्ती छापा."

मी हो म्हणालो. संध्याकाळी संपादकांचा फोन आला, बातमी फार गाजतेय, अजून पाठवा. मी दुरुस्ती पाठवली नाही. दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं, पाठवलीय, छापतील.

तोवर गोष्ट माझ्या हातातून गेली होती. वस्तीवरच्या तरुण पोरांनी स्टेटसला रोमन शिपाई लावले. जिल्हा परिषदेची निवडणूक जवळ आलेली, त्यामुळे आमच्या भागातले पुढारी अण्णा जागे झाले. चौकात फ्लेक्स लागला: अण्णा हात जोडून उभे, डोक्यावर लाल तुऱ्याचं रोमन शिरस्त्राण, खाली 'रोमन वारसा जपणाऱ्या समाजबांधवांचा भव्य सत्कार'. शिरस्त्राण एडिट करणाऱ्यानं अण्णांचा गंध तेवढा तसाच ठेवला होता.

सत्काराचे मानकरी सरांचे थोरले भाऊ, बापूदादा. आयुष्यभर मेंढरामागं फिरलेला माणूस. धाकट्याचे शब्द त्यांनी घरात ऐकलेले होते, आता त्यांनी ते नीट पाठ करायला घेतले. सर त्यांना समजवायला वस्तीवर गेले आणि तसेच परत आले.

"काय झालं?"

"दादानं नवा पटका आणलाय," सर म्हणाले. "मला म्हणाला, बाळू, आजवर तहसीलात गेलो तर दाराशी उभं करायचे, आता अण्णा गाडी पाठवून नेणार हायत. ह्यो तुझा उपकार हाय. काय बोलू सांगा मला?"

सत्काराच्या दिवशी ते माझ्या मोटरसायकलवर मागं बसून आले. अर्ध्या वाटेत माझ्या कानाशी बोलले, "खरं बोललो तर भाऊ पडतो. न बोललो तर मी लबाड. आन भाषा मरती ती येगळीच."

"भाषा कशी मरती?"

"ती खरी ठरली की मला तिच्यात नवा शब्द घालता येईल का बे? जुनं नाणं सापडलं तर त्याच्यावर आपला छाप मारून चालतं का?"

सरांनी मला 'बे' म्हटलेलं तेवढंच.

चौकातच घातलेला मंडप गच्च भरलेला. सूत्रसंचालन माझ्याकडं. मराठीचा मास्तर दुसरं काय करणार! बापूदादा उठले. कोऱ्या पटक्यात, हात मागं बांधून, शाळेतल्या पोरासारखे एकेक शब्द म्हणत गेले. एकही चुकला नाही. टाळ्या वाजल्या. बायकांनी पदर तोंडाला लावून आपसात मान डोलावली. मग मी सरांचं नाव पुकारलं.

सर माइकसमोर आले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"दादा जे बोलला ते समदे शब्द मी बनवलेत," ते म्हणाले. "ही भाषा कुणी बोलत न्हाई."

अण्णांचं हसू फोटोसाठी ताणलेलं होतं, ते तसंच अडकलं.

"पटत न्हाई? एक शब्द द्या. हितं उभ्या उभ्या बनवून देतो."

मागून कुणी पोरगा ओरडला, "फ्लेक्स!"

"बस. लॅटिनमधी 'फ्लेक्सुम' म्हंजी वाकलेला. निघाला रोमहून. दुसऱ्या नाक्यावर 'फ्ल'चा राहिला 'फ', 'क्स'चा राहिला 'स'. तिसऱ्या नाक्यावर शेपूट गेलं. काय उरलं?"

पोरांनी तोंडातल्या तोंडात हिशेब केला आणि पुढच्या रांगेतून एकच आवाज आला, "फेस!"

मंडप फुटला. चौकातल्या अण्णांच्या फोटोकडं बोटं दाखवून लोक हसत होते. अण्णांना पण हसावं लागलं. मग शब्दांचा पाऊसच. एक म्हातारी उठली, "आरं, मोबाईल कर." सर म्हणाले, "आजी, ह्याला रोमचाच रस्ता हाय. मोबीळ." "मोबीळ!" सगळी वस्ती एका आवाजात. नाके कुणाला सांगावे लागेनात, लोकच एकमेकांचे शब्द अडवून परत पाठवत होते.

या सगळ्यात बापूदादा स्टेजवर मान खाली घालून बसलेले. हसणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "बाळू, मंग म्या पाठ केलं ते वाया?"

सर त्यांच्याजवळ गेले. माइक माझ्या हातात, पण त्यांचं बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं. "दादा, मी कागदावर बनवले. मोठ्यानं चार लोकांत कुणीच बोललं न्हवतं. तुमच्या आधी कुणीच न्हाई."

बापूदादांनी विचार केला. "म्हंजी म्या पयला?"

"तुमी पयले."

दादांनी पटका सारखा केला आणि ताठ बसले.

इथं ही गोष्ट संपली असती. पण अण्णांनी घसा खाकरला. "त्ये समदं ठीक हाय, सर. पण मंग पेपरात कुणी छापून आणलं? लोकं मला हसायली. कोण त्यो?"

माइक माझ्याच हातात होता. सरांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, एखाद्या पोराला प्रश्न विचारून मास्तर थांबतो, तसं. मी माइकच्या वायरीकडं बघत होतो.

"मीच दिलं," सर म्हणाले. "चेष्टा म्हणून दिलं. माफी असावी."

आमची संस्था अण्णांच्या व्याह्यांची. पुढं प्राचार्याची जागा रिकामी झाली तेव्हा सेवाज्येष्ठतेनं ती सरांची होती, आणि 'पेपरात खोटं छापून आणणारा माणूस' म्हणून ती त्यांना मिळाली नाही. मला मिळाली. त्या खुर्चीत मी अजून बसतो.

सर पुढं कितीतरी दिवस माझ्या हाताखाली होते. त्या गोष्टीविषयी एका शब्दानं कधी बोलले नाहीत. फक्त मी खुर्चीत बसलो त्या दिवशी एक पत्रिका माझ्यासमोर ठेवली. प्राचार्यासाठी तगरेसमधला शब्द. 'प्रिन्किपालेम'वरून निघून, 'इ'च्या आधी 'क'चा 'च' होत, सगळे नाके ओलांडून तो झाला होता 'पिंचिपाळ'.

"नियमानं आलाय," सर अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले. "मी तरी काय करू?"

बाहेर जाऊन ते हसले, ते मला दारातून ऐकू आलं.

निवृत्त झाल्यावर सर वस्तीवर राहायला गेले. मागच्या हिवाळ्यात ते वारले. त्याच्या आदल्या पावसाळ्यानंतर मी एकदा त्यांच्याकडं गेलो होतो. मनाशी ठरवून गेलो होतो की त्यांच्यासमोर कबूल करायचं: ती दुरुस्ती मी कधी पाठवलीच नव्हती, आणि आता त्याच पेपरात सगळं माझ्या नावानं लिहिणार आहे. गाडी लावली तेव्हाच आतून भांडण ऐकू आलं.

बाभळीखाली सर बसलेले. समोर बापूदादांच्या मंडळी, गंगावैनी, हातात दुधाची बाटली. पायाशी एक अगदी लहान कोकरू. त्याची आई मेलेली, वैनी त्याला बाटलीवर वाढवत होत्या.

"बरं झालं आलात," सर मला बघून म्हणाले. "तुमीच सांगा यांना. ह्या त्याला 'तुंबेर' म्हणतात."

"तुंबेरच हाय त्ये," वैनी म्हणाल्या. "आईच्या दुधावर आसतं त्ये 'आन'. बाटलीवर आसतं त्ये तुंबेर."

"मी समदं लॅटिन हुडकलं, शिंदे. मराठी हुडकली, कानडी इचारली, उर्दूवाल्या काझी सरांना फोन केला. असा शब्द कुठंच न्हाई! आन वस्तीवरचं बारकं पोर पण तुंबेर म्हणायलंय. दादा म्हणायलाय! वैनी, हा आला कुठून ते तरी सांगा?"

"तोंडातून आला. आनखी कुठून येतो?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. इतका चिडलेला आणि इतका खूश माणूस मी पाहिला नव्हता.

"सर," मी म्हणालो, "मी तुम्हाला एक सांगायला आलतो. ती पेपरातली गोष्ट..."

"दुरुस्ती तुमी पाठवलीच न्हवती. मला म्हाईत हाय. दुसऱ्याच दिवशी संपादकाला फोन केलता मी." त्यांनी हात झटकला. "लिवायचं तर लिवा आता. पण आधी मला ह्याचं सांगा, बिनबापाच्या शब्दाला भाषेत घ्यायचं का न्हाई?"

मी म्हणालो, "सर, लोक बोलतायत तर..."

"म्हंजी माझं कुणी ऐकायचंच न्हाई!"

वैनी तोवर उठून गोठ्याकडं निघाल्या होत्या. बाटली हलवत, मागं न बघता त्यांनी हाक मारली, "तुंबेर, ये!" कोकरू चारही पायांवर उडी मारून त्यांच्यामागं पळालं. आणि कोकरामागं, पायात एकच चप्पल, हात वर करून, "वैनी, असं चालत न्हाई! नियम हाय काही का न्हाई!" असं ओरडत सर.